पोळ्याला आणलेला ट्रॅक्टर

कुसगावच्या आमच्या जमिनीवर गवत कापायचं, माती ओढायची, खत पसरायचं; सगळ्याला एकच यंत्र हवं म्हणून मी जुना, छोटा ट्रॅक्टर निवडला. निवडला कसला, लाल रंगावर भाळलो! टायर पार गुळगुळीत झालेत, हे बघायची अक्कल कुठून असणार? पोळ्याच्या दुपारी मोठ्या ऐटीत चालवत आणला आणि फाटकातच चिखलात रुतवला. शेजारच्या आबांकडे धावलो, म्हटलं, जरा बैल द्या.

“आज पोळा हाय. बैलाच्या खांद्यावर आज काय बी ठेवत न्हाईत,” आबा म्हणाले.

मग दोर माझ्या खांद्यावर आला. मागून आबांच्या घरचे रेटत होते, पुढून मी ओढत होतो आणि शिंगं रंगवलेली ती जोडी पुरणपोळी खात निवांत माझ्याकडे बघत होती.