साडीचं दुसरं टोक

नवऱ्याच्या ऑफिसातून आलेल्या कॅलेंडरवर लाकडी ठशांनी छापलेली जुनी जपानी चित्रं होती. त्यातलं एक कापून मी इथे आखातात, बिन महमूद भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरात लावलं. दोन बायका ओल्या कापडाची टोकं धरून ताणताहेत. नवरा म्हणाला, असली चित्रं हॉलमध्ये लावतात. मी म्हटलं, बायका कामात आहेत, त्यांना हॉलमध्ये कशाला बसवू?

खरं म्हणजे मला त्यांचा हेवा वाटायचा. नाशिकला आई आणि मी सुती साडीची घडी अशीच ताणून घालायचो. इथे मी एक टोक कपाटाच्या दारात अडकवते.

परवा वैतागून मुलीला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं आणि टोक धरायला लावलं. मी जोरात ओढलं, तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने टोक सोडलं आणि मी हॉलमधल्या सोफ्यावर आपटले.

"त्या चित्रातल्या बायका बघ, कशा काम करताहेत!" मी ओरडले.

तिने वळून पाहिलं. "आई, दे आर जस्ट चॅटिंग."

जवळ जाऊन पाहिलं तर खरंच. कापडाकडे दोघींचं लक्षच नव्हतं. माना एकमेकींकडे वळलेल्या, एकीचं तोंड बोलता बोलता उघडं.

मी साडी पुन्हा उलगडली, टोक तिच्या हातात दिलं आणि विचारलं, "कुणाचा फोन होता गं?"