मुका मार

घणसोली गावात दवाखाना चालवता चालवता माझे केस पांढरे झाले. बाकी फारसं काही साठलं नाही, किस्से तेवढे साठले. त्यातही काळ्यानिळ्या अंगाचे जास्त. आता तर मीही सांगताना दमतो.

वाशीच्या मार्केटातला एक माथाडी लंगडत आला. कांद्याची गोण पायावर पडली होती. केसपेपर लिहिता लिहिता मी मुक्या माराचं इंग्रजी नाव पुटपुटलो, "कंट्यूजन."

"माझं कायबी कन्फ्युजन नाय, डॉक्टर," तो म्हणाला. "गोण पायावरच पडलीया."

महाप्याच्या आयटीवाल्या एका मुलाला टेबलाचा कोपरा लागला होता. नेटवर वाचून आपल्याला 'एकायमोसिस' झालाय म्हणून तो पार घाबरला होता. अहो, याला काळंनिळं होणं म्हणतात, असं सांगितल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. पण सर्टिफिकेट लिहायला घेतलं तसा म्हणाला, "सर, एकायमोसिसच लिहा. काळ्यानिळ्याला एचआर सुट्टी देत नाही!"

गावातल्या एका आजींच्या हातांवर निळे डाग उठले. सुनेने मारलं, असं आळीभर सांगूनही झालं. सून रडकुंडीला आलेली. मी आजींना समजावलं की रक्त पातळ करायच्या गोळीने असं होतं. आजी जरा विचारात पडल्या, मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाल्या, "गोलीचा कोनाला सांगू नको हां, डाक्टर."

आणि एक संगीता. साताऱ्याकडची, गावातच भाड्याच्या खोलीत राहणारी. कधी दंड सुजलेला, कधी पाठ. सोबत नवरा असायचाच. कसं लागलं, हे मी तिला विचारायचो आणि उत्तर तो द्यायचा. बाथरूममध्ये घसरली, जिन्यावरून पडली. त्याला बाहेर बसवून विचारलं तरी ती "पडले" म्हणायची. पोलिसांचं नाव काढलं की मान हलवून नको म्हणायची. हिने एकदा तरी तोंड उघडावं, असं फार वाटायचं. शेवटी मी 'मुका मार' लिहून मलम द्यायचो. त्या दोन शब्दांचा मला वीट आला होता.

परवा ती एकटीच आली. पाठीवर पट्ट्याचे वळ होते. मी सवयीने पेन उचललं आणि "मुका मार" म्हणत लिहायला लागलो.

तिने केसपेपरवर हात ठेवला.

"मुका नका लिहू, डॉक्टर. आज मी बोलणार हाय."