कापलेलं आभाळ

माझी आत्या पोटापाण्यासाठी लोकांचे पासपोर्ट फोटो काढायची, पण तिचा जीव अडकला होता डोंगरांत. सवड मिळाली की कॅमेरा गळ्यात अडकवून निघायची आणि परत आल्यावर डार्करूममध्ये स्वतःच्या हाताने कृष्णधवल प्रिंट काढायची.

बाबांनी नवीन दुकान थाटलं तेव्हा तिने त्यांना आपला सगळ्यांत लाडका फोटो दिला. खाली बोटभर काळा डोंगर आणि वर सगळं करडं, जड आभाळ. उद्घाटनाला आली, भिंतीकडे पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दादा, वरचं आभाळ कुठे गेलं?"

"अगं, फ्रेममध्ये मावेना. रिकामंच होतं, म्हणून कापलं," बाबा हसत म्हणाले. "डोंगर आहे ना अख्खा!"

"रिकामं? त्या आभाळाच्या ओझ्याखाली डोंगर दबलाय, हाच तर फोटो होता! आता उरलाय नुसता मातीचा ढीग. उद्या टोपी बसेना म्हणून डोकं तासशील का?"

पाहुण्यांदेखत ती स्टुलावर चढली, फ्रेम उतरवली, काखोटीला मारली आणि चालती झाली. आई मागे धावली, पण ती थांबली नाही.

"एका कागदापायी सख्ख्या भावाचा अपमान!" म्हणून बाबा कितीतरी दिवस धुसफुसत होते.

दोघांचा अबोला पुढे संपला, आत्याचा राग मात्र गेला नाही. आता ती फोटोवरची आपली सही खालच्या कोपऱ्यात करत नाही. आभाळाच्या अगदी वरच्या कडेला करते.

"कापा म्हणावं आता," ती म्हणते, "आधी माझं नाव कापा."