आकड्याखालची सही

पान हातात दिलं की काका आधी ते उलटं करायचे. पुढच्या बाजूकडे बघायचेच नाहीत. ट्यूबलाइटसमोर धरून पानाची पाठ न्याहाळायची, अंगठ्याने मधली शीर चाचपायची आणि गिऱ्हाइकाकडे न बघता विचारायचं, "पाणी कुठलं?"

नळाचं, बोअरचं की टँकरचं, एवढंच त्यांना हवं असायचं. गिऱ्हाईक मात्र कुंडी कुठून घेतली, कुणाच्या वाढदिवसाला मिळाली, पहिलं फूल कधी आलं, सगळं सांगायचं. ते ऐकून घ्यायचे आणि पुन्हा विचारायचे, "ते झालं. पाणी कुठलं?"

शेजारचा झेरॉक्सवाला एकदा सांगत आला की मेव्हण्याला कावीळ झालीय. काकांनी मान वर न करता विचारलं, "पाणी कुठलं पितो?" आम्ही पोट धरून हसलो. दोन दिवसांनी कळलं, डॉक्टरनेही पहिल्यांदा तेच विचारलं होतं.

माझं दुकान डोंबिवली पूर्वेला. कुंड्या, कोकोपीट, खतं, फवारे, घरात झाडं लावणाऱ्यांसाठी दिवे. लॉकडाऊनमध्ये सगळं जग बाल्कनीत माती कालवत होतं, तेव्हा मी ठाण्यातली विम्याच्या ऑफिसातली नोकरी सोडून हे दुकान टाकलं. झाडांतलं मला किती कळत होतं ते सांगतो. घरची तुळस सुकायला लागली म्हणून मी तिला मूठभर युरिया घातला. दुसऱ्या दिवशी ती जळाली. बायको तीन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि चौथ्या दिवशी जे बोलली त्यापेक्षा ते तीन दिवस बरे होते.

काका पहिल्यांदा आले ते पीएच मोजायचा मीटर घ्यायला. पेनासारखा असतो, टोक पाण्यात बुडवलं की पाणी आंबट की खारं त्याचा आकडा दाखवतो; सात म्हणजे मधलं, खाली आंबट, वर खारं. त्यांनी तो खोक्यातून काढला, माझ्या बादलीत बुडवला आणि म्हणाले, "शेठ, हा खोटं बोलतोय."

शेठ. माझ्याकडे तेव्हा धड बसायला स्टूल नव्हतं. पण दुकानात येत होते तोवर ते मला शेठच म्हणाले, आणि त्यात टोमणा किती नि माया किती हे मला कधी कळलं नाही.

मीटर त्यांनी घेतला नाही. दुसऱ्या दिवशी कल्याणहून बस पकडून पुन्हा आले, दोन छोट्या बाटल्या घेऊन. एकीवर चार लिहिलेलं, दुसरीवर सात. या पाण्यांचा आकडा ठरलेला असतो. मीटरने चारच्या बाटलीत चार आणि सातच्या बाटलीत सात दाखवलं तरच तो खरा, नाहीतर स्क्रू फिरवून त्याला ताळ्यावर आणायचं. तेव्हापासून रोज सकाळी शटर वर गेलं की काका आधी हे काम करायचे. मी गणपतीच्या फोटोला उदबत्ती लावायचो आणि ते मीटरला चार-सात दाखवायचे. पगार नको म्हणाले. "घरी बसलो तर ही माझी पाठ उलटी करून बघेल," हे काकूंबद्दल.

दुकानाचा त्यांनी धंदा वाढवला असं वाटत असेल तर तुम्ही दुकान चालवलेलं नाही. बाई यायच्या, घरातल्या ऑर्किडची पानं पिवळी पडलीत म्हणायच्या. मी टॉनिकच्या बाटलीकडे हात नेईपर्यंत काका म्हणायचे, "काही घालू नका. पाणी कमी करा. मुळं गुदमरलीत." गिऱ्हाईक खूश होऊन रिकाम्या हाताने जायचं. मी टॉनिक परत फळीवर ठेवायचो.

"काका, निदान एखादी बाटली तरी."

"शेठ, पिवळं सगळं एक नसतं. खालची जुनी पानं पिवळी, तर झाड उपाशी. वरची कोवळी पिवळी आणि शिरा हिरव्या, तर जेवण वाढलंय पण घास उतरत नाही. पाणी खारं असलं की लोह मातीत पडून राहतं. तुमची बाटली दोघांना एकच."

एकदा पंचविशीतला एक मुलगा आला. टोपी, कानात बाळी. वहीत दाबलेलं पान त्याने काकांसमोर ठेवलं. लांबट, करवती कडांची पाती पंज्यासारखी पसरलेली. पिवळं पडलेलं. म्हणाला, "काका, मित्राचं आहे. फ्लॅटमध्ये लाइटखाली लावलंय. फुलावर आलं आणि असं व्हायला लागलं. पीएच किती ठेवायचा?"

काकांनी पान उलटं केलं, ट्यूबलाइटसमोर धरलं. मी तोवर गांजाचं पान फक्त बातम्यांत पाहिलेलं, त्यामुळे टोमॅटोचा काहीतरी नवा प्रकार समजून कौतुकाने बघत होतो.

"रोग कळला," काका म्हणाले.

"मग?"

"औषध नाही सांगणार. मित्राला म्हणावं, उपटून टाक. पोलीस आले की त्याची आई पिवळी पडेल, तिला पीएच विचारू नकोस."

मुलगा खजील होऊन हसला आणि गेला. महिन्याभराने येऊन जास्वंदीची कुंडी घेऊन गेला. मित्रासाठीच म्हणाला.

निदान झालं की काका चिठ्ठी लिहायचे. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाचा तुकडा, त्यावर झाडाचं नाव, पाणी, मीटरचा आकडा, काय करायचं, आणि खाली दोन अक्षरांची वळणदार सही. लोक त्या चिठ्ठ्या फ्रिजवर चिकटवायचे. एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी त्यांची टिंगल केली. म्हटलं, "काका, कुंडीतल्या पाण्याखाली सही कशाला? तुम्ही काय हायकोर्ट आहात?"

ते हसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मी एका केमिकल कंपनीच्या लॅबला होतो, माहितीये ना? बाहेर सोडायच्या पाण्याचा पीएच घ्यायचा, रजिस्टरात लिहायचा, खाली सही. मीटर कधी दोन दाखवायचा, कधी बारा. साहेब म्हणायचे, सात लिहा, सात बरा दिसतो. तीस वर्षं मी सात लिहिला. अक्षर माझं चांगलं, म्हणून तपासणीला माझंच रजिस्टर पुढे करायचे."

"आणि पाणी?"

"नाल्याला. नाला खाडीला." त्यांनी मीटरचं टोक पुसलं नाही, ओल्या टोपणात घातलं. "तेव्हाची एकही सही माझी नव्हती, शेठ. आता करतो ती माझी."

मी फळीवरच्या टॉनिकच्या बाटल्या पुसायला घेतल्या. बोलायला हवं होतं, नंतर एकदा तर नक्कीच.

ते आठ दिवस कोकणात बहिणीकडे गेले. जाताना दोन गोष्टी सांगून गेले. मीटरचं टोक कोरडं ठेवू नका. आणि चार-सात केल्याशिवाय कुणाला आकडा सांगू नका.

तिसऱ्या दिवशी कळव्याच्या एक नर्सबाई आल्या. त्यांनी घरातल्या मागच्या खोलीत दिव्यांखाली जरबेराच्या साठ कुंड्या लावल्या होत्या. हॉस्पिटलात राजीनामा देऊन ठेवलेला, महिना संपला की सुटणार होत्या. पहिली फुलं एका डेकोरेटरला द्यायची ठरलेली. कळ्या आल्या होत्या आणि पानं पिवळी पडायला लागली होती. बाटलीत कुंडीचं पाणी आणलेलं, पिशवीत पानं.

"काका नाहीत?" त्यांचा चेहरा पडला. "मग नंतर येते. मला त्यांचीच चिठ्ठी हवी."

मला राग आला. दुकान माझं, भाडं मी भरतो, आणि चिठ्ठी काकांची. म्हटलं, "ते आत आहेत, पोटात दुखतंय म्हणून पडलेत. पाणी द्या, मी त्यांना दाखवून आणतो."

आत म्हणजे गोणींच्या मागे. तिथे मी एकटाच उभा राहिलो. मीटर तीन दिवस पंख्याखाली उघडा पडला होता, टोक खडखडीत कोरडं, मीच फडक्याने पुसून ठेवलेलं. बुडवला, त्याने साडेआठ दाखवला. चार-सातच्या बाटल्या माझ्यापासून हातभर अंतरावर होत्या. पाणी कुठलं, हे मी विचारलंच नाही. पानं उलटी केली नाहीत. केली असती तर दिसलं असतं की ती खालची जुनी पानं होती, झाडं नुसती उपाशी होती. मी लिहिलं, पीएच साडेआठ, पाणी खारं, रोज अमुक इतकं अ‍ॅसिड. आणि खाली दोन अक्षरांची सही केली. वळण चांगलं जमलं. मला आनंदही झाला, हे लपवून काय करू.

अ‍ॅसिडची बाटली मात्र विकली गेली.

काका परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या बाई आल्या. ओरडल्या नाहीत. काउंटरवर काळ्या पडलेल्या कळ्यांची पिशवी ठेवली, शेजारी चिठ्ठी.

काकांनी पान उलटं केलं. "पाणी कुठलं?"

"नळाचं. तुम्ही तेव्हा विचारलं नाहीत."

काकांनी चिठ्ठी उचलली. वाचली. मग सही बघितली. बराच वेळ बघितली. मग माझ्याकडे बघितलं.

तुम्हीही अशा वेळी कधी ना कधी उभे राहिला असाल, म्हणून सांगतो. ते मला संधी देत होते. पाच सेकंद असतील. मी तेवढ्यात काउंटरवरची पेनं सरळ केली.

"नळाचं पाणी मऊ असतं," काका बाईंना म्हणाले. "थोड्याशा अ‍ॅसिडने एकदम खाली घसरतं. आकडा चुकला."

"तुमची सही आहे."

"हो. सही आहे."

"मी राजीनामा मागे घेतलाय. परवापासून पुन्हा नाइट."

"मी घरी येऊन बघू का? साध्या पाण्याने मुळं धुतली तर काही कुंड्या अजूनही..."

"नको," त्या म्हणाल्या. "तुमचं बघून झालं."

त्या गेल्यावर काकांनी आपल्या दोन्ही बाटल्या पिशवीत टाकल्या. चिठ्ठी चार घड्या घालून खिशात ठेवली. मी म्हटलं, "काका, चहा सांगू?" ते म्हणाले, "बस चुकेल." दुपारचे बारा वाजले होते, कल्याणची बस दर दहा मिनिटांनी असते.

गेलेल्या माणसावर लिहायची रीत आहे. काका गेलेले नाहीत. कल्याणला आहेत, ठणठणीत आहेत. फक्त माझ्याकडे नाहीत.

मी एका रविवारी त्यांच्या घरी गेलेलो. माफीची दोन वाक्यं पाठ करून गेलो होतो. काकूंनी दार उघडलं, काका बाहेर आले, बसा म्हणाले. धंद्याची चौकशी केली. शेठ म्हणाले नाहीत. मी "काका, ती चिठ्ठी..." एवढं म्हटलं तर म्हणाले, "चहा घ्या, निवेल."

तेवढ्यात बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या वहिनी होत्या, हातात पान. "काका, जरा बघता का? कुंडीतला अनंत पिवळा पडतोय. कळ्या धरतात आणि गळतात."

"मला नाही हो कळत त्यातलं."

वहिनी हसल्या. "चेष्टा करता का आमची?"

"नाही, खरंच." त्यांनी माझ्याकडे हात केला. आवाजात टोमणा नव्हता, असता तर बरं झालं असतं. "यांचं दुकान आहे. हे सांगतील."

पान माझ्या हातात आलं. कोवळं, पिवळं, शिरा हिरव्यागार. मी काकांकडे बघितलं नाही. ती दोन वाक्यं तोंडात तयार होती. पण पाणी कुठलं हेही न विचारता मी म्हणालो, "लोह कमी पडलंय, वहिनी. दुकानात या, औषध देतो."

वहिनी पत्ता विचारून गेल्या. माझ्या कपात अजून अर्धा चहा होता. काकांनी कप उचलला आणि आत घेऊन गेले.