लेकीच्या वाट्याची मरळ

माझी नोकरी ढोरांच्या दवाखान्यात, पट्टीबंधकाची. बैलाचा खूर धुवायचा, गाईच्या जखमेत औषध भरायचं आणि डॉक्टर जागेवर नसले की त्यांच्या वाटणीच्या शिव्या खायच्या. तीस वर्षं हेच केलं. माशांशी माझा संबंध ताटापुरताच. तरीही हिलाल भोयाची गोष्ट सांगायची तर ती मीच सांगायला हवी, कारण तिच्यात एक खोटं आहे आणि ते माझ्या हातचं आहे. भिकन खोटं बोलला असं गावात दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगून मोकळा होतो.

हिलालनाना आमच्याच गावचे. भडगावपासून खाली, गिरणेच्या काठाला आमचं गाव. माणूस बुटका, काळाभोर, एका कानात बाळी, धोतर कायम गुडघ्याच्या वर खोचलेलं. गावात चार माणसांत बसले की तोंडात मिठाची गुळणी. पण पाण्याचा विषय काढा, मग बघा! डोहात मरळ कोणत्या कपारीत बसते, कोणत्या महिन्यात पिल्लं काढते, पिल्लं लालचुटुक असतात तोवर आई-बाप त्यांना सोडून हलत कसे नाहीत, सगळं सांगत बसायचे. चहा थंड व्हायचा, माझी ड्युटी बुडायची.

उन्हाळ्यात गिरणा आटली की पात्रात नुसती वाळू आणि वाळूत लावलेल्या टरबूज-डांगराच्या वाड्या. खोल पाणी राहायचं ते एकाच जागी, कपारीच्या डोहात. त्या डोहाला भोईवाड्याचे कायदे होते. सरकारचे कायदे कागदावर असतात, हे यांच्या अंगात होते. आषाढ-श्रावणात नदीत जाळं नाही म्हणजे नाही. मी एकदा श्रावणात जीभ चाळवून म्हटलं, "नाना, एखादी काढा ना!" तर माझ्याकडे असं पाहिलं, जसा मी चोरच. म्हणाले, "पोटुशी बाईवर कोणी हात टाकस का रे भिकन?"

पुढे नदीत जाळी पडायची, पण डोहात नाही. डोह उघडायचा वर्षातून एकदाच, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी, करीला. आखाजीच्या दिवशी पितरांच्या घागरी, पुरणपोळी, आंबरस, लेकी झोक्यावर. आणि करीच्या सकाळी सगळा भोईवाडा डोहावर. पहिली मरळ निघाली की ती भोईवाड्याच्या म्होरक्याच्या माहेरवाशिणीची. म्होरके हिलालनाना आणि लेक एकुलती एक, कलाबाई. लेक आली नसेल तर ती मरळ विकायची नाही, खायची नाही, दोन्ही हातांनी परत पाण्यात सोडायची. आणि म्होरक्याची लेक मेली, तर त्या वर्षी त्याने डोहात जाळंच टाकायचं नाही. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

कलाबाई दोंडाईचाकडे दिली होती. जावई जीवराम, विहिरींना सुरुंग लावणाऱ्या टोळीत कामाला. पोरगा वाईट नव्हता, उतावळा होता. अठ्ठ्याऐंशी सालच्या आखाजीला दोघं आली. करीच्या सकाळी नाना जाळं घेऊन डोहावर पोचायच्या आत जावयाने काय करावं? बायकोला म्हणाला, एकच मरळ कशाला, तुला टोपलीभर काढून देतो. आणि कामावरून आणलेली सुरुंगाची कांडी पेटवली. कांडी फेकायला क्षणभर उशीर झाला. उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि डोहात पांढरी पोटं वर आली, बोटाएवढ्या पिल्लांपासून हातभर मरळीपर्यंत.

मी तिथे होतो. पट्टी मीच बांधली. बैलांच्या पट्ट्या बांधणारा माणूस मी. हिलालनाना धावत आले आणि आधी पाण्याकडे पाहिलं. जावयाच्या हाताकडे नंतर. मधे किती वेळ गेला असेल? दोन पळं. पण कलाबाईने ती दोन पळं पाहिली. नाना जावयाला नको नको ते बोलले, या डोहावर पाय ठेवशील तर खबरदार म्हणाले. कलाबाई एवढंच म्हणाली, "बा, माणसाआधी मासोया देखात तुमी." त्याच दिवशी नवऱ्याला घेऊन गेली. पुन्हा आली नाही.

त्यानंतरच्या चार आखाज्या मी पाहिल्या. करीच्या सकाळी नाना डोहावर. जाळं ओढायच्या आधी एकदा एस.टी.च्या रस्त्याकडे बघायचे. पहिली मरळ निघायची, गच्च, काळी, शेपटी मारणारी. ती दोन्ही हातांत धरून कमरेएवढ्या पाण्यात जायचे आणि सोडताना म्हणायचे, "पुढला साल ये, माय." मग बाकीची मासळी वाटली जायची. मरळीचं डोकं माझ्या वाट्याला, असा नानांचा दंडक. मी ते घरी न्यायचो, बायको सुगंधाबाई मस्त काळ्या मसाल्यात करायची, आणि पहिला घास घेताना मला लाज वाटायची. तरी खायचो. लाजेने पोट भरत नाही.

एकदा मी म्हटलं, "नाना, जा ना दोंडाईचाला. एस.टी. जाते. बाप लेकीच्या दारात गेला तर काय नाक कापलं जातं का?" तर म्हणाले, "जासू रे. काय सांगू पण तिले?"

आणि मग तो पौष आला. थंडी मरणाची. एके दिवशी नानांनी पाटीत घालून एक मरळ दवाखान्यात आणली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. अंगावर लाल जखमा, रुपयाएवढ्या, निखारा ठेवल्यासारख्या. एका जागी मांस झडून आतला काटा दिसत होता. डॉक्टर म्हणाले, अरे मी गाई-म्हशींचा डॉक्टर! पण माणूस भला, त्यांनी जिल्ह्याला कळवलं. आठवडाभराने मत्स्यखात्याचा साहेब जीप घेऊन आला. म्हणाला, ही साथ आहे, ठिकठिकाणी आली आहे. जखमी मासा विकू नका, मेलेला पाण्यात टाकू नका, खड्डा करून चुना घालून पुरा. एका पाण्यातलं जाळं कडक उन्हात वाळवल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात नेऊ नका. जे मासे वाचतील त्यांना हात लावू नका, तेच पुढचं बियाणं.

गावात मग काय, जितकी तोंडं तितक्या गोष्टी. कोणी म्हणे सुरुंगाचा शाप, कोणी म्हणे देवी कोपली. बाजारात भोयणीच्या पाटीजवळून लोक नाकाला पदर लावून जायचे. नाना महिनाभर रोज सकाळी डोहावर जायचे, सुस्त होऊन काठाला लागलेल्या मरळी वेचायचे आणि वाळूच्या वर, दूर खड्ड्यात पुरायचे. चुना माझ्या सायकलवरून जायचा. एक दिवस पुरता पुरता खाली बसले आणि पोर गेल्यासारखे रडले. उरलेला चुना मी टाकला.

माघात त्यांनी भोईवाडा गोळा केला. हातात गिरणेचं पाणी घेऊन सगळ्यांना शपथ घातली, तीन आखाज्या डोहात जाळं पडणार नाही. पहिली शपथ स्वतः घेतली.

आणि बघा नशीब कसं असतं! शपथ घेऊन महिना झाला नाही तोच दोंडाईचाहून कार्ड आलं, पाच वर्षांत पहिलं. मीच वाचून दाखवलं. कलाबाईने लिहवून घेतलं होतं, "बा, आखाजीला येऊ का? करीला जाळं पडणार असेल तर कळवा." एवढंच. नानांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, वाचता येत नव्हतं तरी दोन्ही बाजूंनी पाहिलं, आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं.

"लिख," म्हणाले. "डोह बंद शे. मासोयासले रोग लागेल शे. जाळं पडाव नही. पण तू ये. जवाईले बी लई ये."

मी पेन घेतलं आणि थांबलो. माझ्या डोक्यात दुसरंच. जाळं पडणार नाही, हे ती पोरगी कसं वाचेल? म्होरक्याची लेक मेली की जाळं पडत नाही. रोग-बिग ही तिला नुसती सबब वाटेल. आधीच बापावर रुसलेली, म्हणेल की आता तर मला मेलीच धरली. शपथेचं तिला काय ठाऊक? ती यायची नाही, आणि हा म्हातारा रस्त्याकडे बघत मरेल. मी लिहिलं, "करीला जाळं पडेल. तू ये. जावयालाही घेऊन ये." वाचून दाखवताना मात्र नाना बोलले तेच वाचलं. शहाणपणाचा भारी माज होता मला.

आखाजीच्या आदल्या दिवशी दोघं एस.टी.तून उतरली. नाना ओट्यावरून उठले, पण पुढे गेले नाहीत, तिथेच धोतराला हात पुसत राहिले. कलाबाई पाया पडली. जीवराम लांबूनच नमस्कार करून उभा, उजवा हात खिशात. आखाजीला पुरणपोळ्या झाल्या, कलाबाई झोक्यावर बसली, नाना तिच्याकडे बघत दिवसभर ओट्यावर. मला वाटलं, झालं, निभावलं.

करीच्या सकाळी कलाबाई पाटी घेऊन अंगणात तयार. "चाला बा, डोहवर." नाना म्हणाले, अगं, डोह बंद आहे, कार्डात लिहिलं होतं ना. ती म्हणाली, "जाळं पडी, असं लिखेल व्हतं." दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी नेमका तेव्हाच, सकाळच्या पारी, तिथे कडमडलेलो. कबूल केलं. दुसरं काय करणार, धरणी काही दुभंगत नाही.

पण कलाबाई माझ्यावर चिडली नाही, चिडली असती तर परवडलं असतं. ती बापाकडे वळली. पाटी हातातून खाली पडली. "म्हंजे जाळं पडाव नही. मी मरी गऊ का तुमनासाठे, बा?"

भोईवाड्यातल्या बाया दारात आलेल्या. एक जण म्हणाली सुद्धा, "नाना, एक डाव टाका, एकच काढा. पोर उनी शे पाच सालमा." कोणी नावं ठेवली नसती. मी तर आतल्या आत ओरडत होतो, टाका ना एकदाचं! नानांनी कुडाला टांगलेल्या जाळ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग जाळं तसंच ठेवून म्हणाले, "चाल. तुना वाटा दखाडस."

डोहावर नेऊन तिला काठच्या दगडावर बसवलं, स्वतः शेजारी बसले. जीवरामला आजवर डोहाची बंदी, तो मागे बाभळीखाली थांबला. मरळ श्वास घ्यायला पाण्याच्या वर येते, हे तुम्हाला ठाऊक असेल. आधी या डोहावर चिलीम संपेपर्यंत तीस-चाळीस वेळा पाणी फुटायचं. त्या दिवशी पाणी आरशासारखं पडलेलं. नाना हळूहळू बोलत होते, किती पुरल्या, कुठे पुरल्या, शपथ काय घेतली. "चार साल तुनी मरळ मी परत सोडी," म्हणाले, "त्यास्मानी एखादी तरी वाचेल व्हई." ऊन डोक्यावर आलं. माझे पाय पोळायला लागले, पण उठायची हिंमत कोणाची?

"ती देखा, मामा!"

जीवराम ओरडला. कधी पुढे आला कळलंच नाही. खिशातला हात बाहेर निघाला होता आणि तीन बोटांचा तो हात कपारीकडे होता. तिथे पाणी हललं होतं. मला काळी पाठ दिसली, पाठीवर भरलेल्या जखमेचा पांढरा डाग, आणि तिच्या भोवती लाल पिल्लांचा पुंजका.

पौषापासून ज्याची वाट पाहिली ते पाण्यावर आलं होतं. पण नाना पाण्याकडे बघत नव्हते. ते जावयाच्या हाताकडे बघत होते. उठले, तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि विचारलं, "दुखस का रे अजून?"

जीवरामने हात तसाच राहू दिला. कलाबाई तोंडाला पदर लावून रडत होती. मीही रडलो, सांगायला काय लाज.

नाना पंचाण्णवच्या मार्गशीर्षात गेले, झोपेत. तीन आखाज्यांमधली शेवटची झालेली होती, डोह उघडायला पाच महिने राहिले होते. कलाबाई या तिन्ही आखाज्यांना आली. दर करीला बाप-लेक डोहावर बसून पाणी किती वेळा फुटतं ते मोजायची. शेवटच्या साली नाना एकोणीसवर थांबले, म्हणाले, आता पुरे, आता फिटलं.

शहाण्णवच्या आखाजीला नानांच्या नावाची घागर मांडली. करीला डोहात जाळं टाकलं जीवरामने, तीन बोटांनी. पहिली मरळ चांगली हातभर निघाली. सगळे म्हणाले, कलाबाई, घे, तुझा वाटा. तिने ती दोन्ही हातांत धरली आणि लुगडं भिजवत सरळ कमरेएवढ्या पाण्यात गेली.

"पुढला साल ये, बा," म्हणाली, आणि हात सोडले.

मी सुगंधाबाईला सकाळीच मसाला वाटायला सांगून आलो होतो. त्या दिवशी मरळीचं डोकं मागायला काही तोंड उघडलं नाही.