सिद्धूच्या गालावरचा फेस

वारणेचा पूल ओलांडला आणि नानासोनं चपला काढून पिशवीत टाकल्या. चैत्रात आम्ही इस्लामपूरच्या बाजूनं जोतिबाला चालत जातो. पुलापर्यंत चपला, पुढं अनवाणी, ही आमच्या गल्लीची रीत. गल्ली देवाची उंच सासनकाठी नाचवत पुढं गेली होती. मी गुडघ्यांमुळं मागं, आणि नानासोला कुणात मिसळायचं नव्हतं.

आमची भिंतीला भिंत. फौजेत असताना त्याला गावात 'फोटूवाला फौजी' म्हणायचे. "बंदूक धरता येईना, म्हणून कॅमेरा दिला," असं टोचायचे. तो हसायचा. "बंदूक बी असती, आक्का. ती पाठीवर."

लष्कराच्या प्रसिद्धीचं काम त्याचं. जवानांचे फोटो काढायचे, बातमीचा मजकूर लिहायचा, पेपरवाल्यांना चौक्यांवर फिरवायचं. थंडीनं बॅटरी मरायची, म्हणून ती काखेत धरून झोपायचा. फोटो साहेबाकडं, तिथनं वरच्या साहेबाकडं. मंजुरी येईस्तोवर बातमी शिळी. तरी कामाचं वेड. "लोकांना जवान म्हंजी पुतळा वाटतो. मला त्यानं वाळत घातल्यालं मोजं दिसत्यात."

येसूबाईचा सिद्धू, आमच्याच गावचा, त्याला अशाच एका चौकीवर भेटला. दाढी करत होता, अर्ध्या गालाला फेस. "मान वर कर रं, आईला दाखवतो," म्हटल्यावर पोरगं खदखदून हसलं. तेवढ्यात यानं फोटो काढला. पुढं महिन्याभरात बर्फावरून गाडी दरीत गेली. त्यात सिद्धू गेला.

येसूबाईकडं त्याचा भरतीच्या वेळचा टिकलीएवढा फोटो. तिनं नानासोला फोन केला, "माझ्या लेकराचं तोंड हाय का रं तुझ्याकडं?" मंजुरी काही येईना. तेरावा तोंडावर आला. तेव्हा नानासोनं नोकरीत पहिल्यांदा नियम मोडला आणि फोटो मोबाईलवरून राजवर्धनला पाठवला. राजवर्धन पहिलीपासूनचा दोस्त, इस्लामपुरात त्याचं फ्लेक्सचं दुकान.

"एक प्रत काढ, येसूमावशीच्या हातात दे, आन् तुझ्या फोनमधनं पुसून टाक."

"गड्या, तुझी मावशी ती माझी मावशी."

येसूबाईच्या हातात प्रत पडलीच नाही; तेराव्याला चौकात हा मोठा फ्लेक्स. खाली हात जोडलेला राजवर्धन, कारण पंचायतीची निवडणूक आली होती. वर सिद्धू. गालावरचा फेस काढलेला, हातात बंदूक चिकटवलेली, ओठ मिटवलेले. नानासोनं फोनवर जाब विचारला, तर म्हणतो, "शहीद कधी दात काढून हसतो व्हय? उलट माझं आभार मान."

त्या फ्लेक्सचे फोटो फिरत फिरत लष्करापर्यंत गेले. बिनमंजुरीचा फोटो बाहेर गेलाच कसा? नानासोनं कबूल केलं. त्याचा कॅमेरा काढून घेतला, भांडारात बसवलं. तिथनंच तो निवृत्त झाला.

"शिक्षा बराबर हाय, आक्का. नेम मी मोडला," तो पायाखालचे खडे बघत म्हणाला. "पर राजवर्धननं मावशीला सांगितलं, नानासोनंच तसा करून धाडला. ते काय गिळत न्हाई."

तो रजेवर आल्यावर तिच्या दारात गेला, तेव्हा मी तिथंच शेंगा निवडत होते. येसूबाई म्हणाली, "ह्यो माझा सिद्धू न्हवं. काय केलंस त्याचं?" आणि दार लावलं. मी पुढं समजवायला गेले, तर माझ्याशीही चार महिने बोलली नाही. पण दुसरं तोंड कुठनं आणणार? त्याच फ्लेक्समधला तुकडा कापून तिनं फ्रेम केलाय. रोज हार घालते, आणि त्याच्याकडं न बघता वळते.

चढाखाली आम्ही टेकलो. वरून हलगी ऐकू येत होती. नानासोनं टॉवेलात गुंडाळलेला फोटो माझ्या मांडीवर ठेवला. फेसासकट सिद्धू हसत होता. माझ्या तोंडून जोतिबाचं नाव निघालं.

"आत्ता आली मंजुरी," तो म्हणाला. "मी गेलो तर दार लावंल ती. तुमी न्या. लष्करानं धाडलाय म्हणा."

"देवाच्या वाटंवर मला खोटं बोलायला सांगतोस?"

तो पायातला काटा काढत बसला.

"मग काईच बोलू नका. नुसता हातात द्या. आन् तिनं तो तुकडा काढून ह्यो लावला, का ह्यो पालथा ठिवला, तेवढं मला खरं सांगा, आक्का."