होडीच्या नाकावरचं कुंकू

अन्याय झाला तो काकूंवर. पंच्याऐंशी साली, दसऱ्यानंतरच्या शनिवारी, सकाळी अकराला, अमेरिकेतल्या नोव्हाय गावी, त्यांच्या घरामागच्या अंगणात. करणारे परके नव्हते. आपलेच होते, आणि त्यांत मी होते.

मी काकूंच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहायचे. कारखाने बंद पडत होते, त्याविरुद्ध पत्रकं लिहायचे, गेटवर वाटायचे. काका मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. जूनमध्ये हार्ट अटॅकनं गेले. मागे राहिल्या काकू आणि ट्रेलरवरची चौदा फुटी शिडाची होडी. सगळे तिला काकांची होडी म्हणायचे. काकांना धड पोहताही येत नव्हतं. तळ्यावर सुकाणू कायम काकूंच्या हातात.

हिवाळ्याआधी होडी 'झोपवायची', हा काकूंचा शब्द. डोलकाठी उतरवायची, शिडं धुऊन गॅरेजमध्ये वाळवायची, तळाचं शेवाळ घासून काढायचं, होडी आतून धुवायची. मग खंडेनवमीची राहिलेली पूजा. इथे सण शनिवारीच येतात. आणि सगळ्यांत शेवटी तळाचं बूच काढायचं. "पाणी आत राहिलं की त्याचा बर्फ होतो, आणि ही फुटते," काकू दर वर्षी बजावायच्या.

त्या दिवशी तिथल्या मराठी मंडळातल्या चारजणी मदतीला आल्या होत्या. शेवाळ मात्र काकूंनीच घासलं, तासभर, गुडघ्यांवर बसून. तेव्हा कुणाची हरकत नव्हती. त्यांनी हात धुऊन कुंकवाचा करंडा उघडला, तशा एक मावशी पुढे झाल्या.

"अहो, तुम्ही नका. मी लावते ना. उगाच लोक बोलतील."

"कोण लोक? तो शेजारचा गोरा? त्याला वाटतंय आपण होडी रंगवतोय."

कुणी हसलं नाही. मावशींनी करंडा काढून घेतला आणि डोक्यावरचा पदर सावरेपर्यंत माझ्या हातात दिला. मी धरला. नवरा मेल्याची शिक्षा बाईला देणं हा जुलूम आहे, हे वाक्य मी स्वतः एका पत्रकात छापलं होतं. ठळक अक्षरांत.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "काय गं, पत्रकं संपली वाटतं तुझी?"

आणि घरात गेल्या.

मावशींनी कुंकू लावलं. आम्ही ताडपत्री बांधली, पेढे खाल्ले. बूच कुणीच काढलं नाही. बाकीच्यांना ते ठाऊक नव्हतं. मला होतं, पण मला तिथून फक्त निघायचं होतं.

एप्रिलमध्ये ताडपत्री काढली तेव्हा तळ वीतभर उकलला होता. नाकावरचं कुंकू शाबूत. काकूंनी भेगेत बोट घालून पाहिलं आणि ताडपत्री पुन्हा ओढून घेतली. मी माफी मागितली, तर म्हणाल्या, "तुझं काय चुकलं? बूच माझं काम होतं." त्या परत तळ्यावर गेल्या नाहीत.

अशी एक बाई तुमच्या घरात आहे, मंडळात आहे. या दसऱ्याला करंडा आधी तिच्या हातात द्या. कुणी तो काढून घ्यायला पुढे आलं, तर तोंड उघडा. तिथेच, तिच्यासमोर.